नोव्हायचा वड

वटपौर्णिमेची पूजा करून नवऱ्याला दवाखान्यात पोचवणारी बाई जगात मी एकटीच नसेन, पण दुसरी मला अजून भेटलेली नाही.

भेटली तर तिच्याशी बोलायला आवडेल. एरवी मी फारशी कुणाशी बोलत नाही. चार माणसं जमली की मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडायला जाते, आणि ती निवडून झाली तर निवडलेलीच पुन्हा निवडते. ह्यांचं नेमकं उलट. हे घरात मावायचेच नाहीत. मावळातल्या डोंगरात वाढलेला माणूस. आधी पिंपरीला टूलरूममध्ये आणि मग इथं मिशिगनात, नोव्हायला, गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आला. दिवसभर छपराखाली राहावं लागतं याची भरपाई ते उरलेल्या वेळात करत. ऑक्टोबर संपत आला तरी सकाळचा चहा घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर, कोट-टोपी घालून. कपातून ओठाला लागेपर्यंत त्या चहाचं सरबत व्हायचं.

"आत या, आत प्या," मी काचेच्या दाराआडून म्हणायची.

"आत काय आहे?" हे विचारायचे.

आत मी होते. पण असं तोंडावर कोण सांगणार?

एकदा त्यांनी नवा तंबू आणला आणि तो तपासायचा म्हणून आठवडाभर मागच्या अंगणात त्यातच झोपले. शेजारच्या गोऱ्या बाईंना वाटलं, मी नवऱ्याला घराबाहेर काढलं. त्या केळ्याचा ब्रेड घेऊन आल्या, माझा हात हातात धरला आणि बराच वेळ हळू आवाजात काहीतरी धीराचं बोलल्या. खरं काय ते सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं. मी नुसतं "थँक यू" म्हटलं, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. तो ब्रेड ह्यांनी तंबूत बसून खाल्ला आणि म्हणाले, "बाई चांगली आहे. अजून दोन दिवस झोपतो."

झाडांवर तर फारच जीव. ह्यांना मिशिगनमधलं एकही झाड नीट ओळखता येत नव्हतं, पण एकाही झाडाला ते परकं मानत नव्हते. पानं मोठी दिसली की साग. सुईसारखी दिसली की सुरू. आणि काहीच जमेना तर "हा आपल्या चिंचेचा मावसभाऊ." आमची मुलगी मनीषा शाळेत जाऊन मेपलच्या झाडाला उंबर म्हणून आली तेव्हा बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं होतं.

एका बाबतीत मात्र हे फार कडक. इथल्या रानात एक विषारी वेल असते, पॉयझन आयव्ही. अंगाला लागली की फोड येतात आणि माणूस खाजवून खाजवून वेडा होतो. तिला तीन-तीन पानं असतात. रानात शिरण्याआधी हे सगळ्यांना रांगेत उभं करायचे, लहान मुलांना, मोठ्यांना, एकदा तर सहलीला आलेल्या दोन डॉक्टरांनाही.

"तीन पानं दिसली की काय करायचं?"

"लांब राहायचं," सगळ्यांनी म्हणायचं.

"मोठ्यानं."

"लांब राहायचं!" डॉक्टरसुद्धा ओरडायचे.

तर अशा जाणकार माणसाची ही गोष्ट आहे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास ह्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग घातली, घरी पाठवलं. हे घरी येऊन आठवड्याभरात डेकवर बसून शिट्टी वाजवायला लागले. मी मात्र बरी झाले नाही. दुपारी ह्यांचा डोळा लागला की हातातलं लाटणं टाकून मी त्यांचं पोट वरखाली होतंय ना ते बघत उभी राहायची. एकदा पोट हलेना म्हणून घाबरून हाक मारली, तर हे डोळे मिटूनच म्हणाले, "श्वास धरून ठेवलाय. बघतोय, तू किती वेळ दम काढतेस ते." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षात संध्याकाळी आलं. माझ्या न बोलण्यात फरक ओळखणं सोपं नाही.

जून आला. वटपौर्णिमा आम्ही सगळ्या बायका देशमुख वहिनींकडे करायचो. वहिनी डॉक्टरांची बायको, घर मोठं, मनही मोठं. त्यांच्या दिवाणखान्यात कुंडीत एक शोभेचं झाड होतं. कुणीतरी सांगितलं होतं की ते वडाच्या जातीतलंच आहे. आम्ही दहा-बारा जणी भरजरी साड्या नेसून त्या कुंडीभोवती, सोफा आणि टीव्ही यांच्या मधून, सूत घेऊन फिरायचो. दरवर्षी सोफ्याचा कोपरा माझ्या गुडघ्याला लागायचा. दरवर्षी त्या झाडाची चार पानं गळायची. आणि वहिनी म्हणायच्या, "बायांनो, हळू. याला ऊन पुरत नाही."

तोवर मी त्यावर कधी विचार केला नव्हता. त्या वर्षी केला. ज्या झाडाला स्वतःलाच धड जगता येत नाही, त्याच्याकडे मी ह्यांचं आयुष्य मागायचं?

मी ह्यांना सांगितलं, "अहो, यंदा मला खरं झाड पाहिजे."

"कशाला?"

"वटपौर्णिमेला. कुंडीतलं नको. जमिनीतलं पाहिजे. मोठं."

ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी आपणहून काही मागण्याचा प्रसंग आमच्या घरात वारंवार येत नसे.

"माझ्या छातीसाठी?"

मी भांडी विसळायला लागले. ती आधीच विसळलेली होती.

"शोधतो," हे म्हणाले.

शोधतो म्हणजे काय, ह्यांना रानात जायला सरकारी हुकूमच मिळाला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंच होतं. हे सकाळी निघायचे ते दुपारी यायचे, बुटाला चिखल, टोपीत काटक्या. "आज एक बघितला, पण खोड बारीक." "आज एक चांगला होता, पण त्याच्यावर घुबड आहे, तुला चालेल का?" मुलीसाठी स्थळ बघायला जातात तसं चाललं होतं. शेवटी एक दिवस हे दारातूनच ओरडले, "सापडला."

"काय?"

"वड."

"मिशिगनात?"

"अगं, पारंब्यांसकट."

वटपौर्णिमेला मी उपास धरला, लग्नातला हिरवा शालू नेसले आणि रानात जायचं म्हणून खाली मनीषाचे जुने पांढरे बूट घातले. ताटात हळदकुंकू, आंबे, फुलं, उदबत्ती घेतली. ह्यांच्यासाठी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. घरापासून अर्ध्या तासावर तळ्याकाठी सरकारी रान आहे, तिथं आम्ही पोचलो, गाडीतून उतरलो आणि माझ्या लक्षात आलं की सूत देवघरात राहिलं.

"आता?" मी रडकुंडीला आले.

"दोरी आहे की." ह्यांनी डिकी उघडली. त्या डिकीत एक वेळ चाक नसेल, पण मासे धरायची दोरी असायचीच.

"अहो, मासे धरायची?"

"नवी आहे. अजून एकही मासा लागलेला नाही. सोवळ्यातली म्हण." मग माझं तोंड बघून म्हणाले, "पूर्वी नायलॉन असतं तर बायकांनी हेच वापरलं असतं. तुटत नाही बघ." आणि दोन हातांनी ओढून दाखवली.

तुटत नाही, या शब्दावर मी तयार झाले.

झाड खरंच मोठं होतं. चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं खोड आणि त्याला चिकटून वर वर गेलेल्या मनगटाएवढ्या जाड, तपकिरी, केसाळ दोऱ्या. वडाच्या जुन्या पारंब्या खोडाला धरून असतात ना, अगदी तशा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं या देशात काढली आणि वड आमच्या घरापासून अर्ध्या तासावर उभा होता.

"बघ," हे म्हणाले. जणू त्यांनीच लावला होता.

मी पारंब्यांना हळदकुंकू लावलं. फूल वाहिलं. कपाळ टेकवलं आणि बराच वेळ टेकवून ठेवलं. मागायचं खूप होतं.

मग फेरे. पहिल्याच फेऱ्यात कळलं की नायलॉनची दोरी खोडावर ठरत नाही, गुळगुळीत असल्यामुळे सुळकन खाली येते. हे म्हणाले, "थांब, मी धरतो," आणि त्यांनी दोन्ही हातांनी झाडाला मिठी मारली. गाल पारंबीला लावला. मी त्यांच्या हातांवरून दोरी घेत पुढे निघाले. मागच्या बाजूला झुडपं होती, त्यातून शालू सावरत, ताट सांभाळत, मनात जप करत मी फिरत होते. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या लक्षात आलं की मी ह्यांनाही झाडाला बांधते आहे.

"अहो, तुम्ही आत अडकताय."

"असू दे. चांगलंच आहे की. डायरेक्ट मलाच बांध, झाड मध्ये कशाला?"

"बोलू नका. मी मोजतेय."

सातवा फेरा चालू होता तेव्हा पायवाटेवर एक छोटी गाडी येऊन थांबली. तिच्यातून तपकिरी टोपी घातलेली एक तरुण मुलगी उतरली. ती त्या रानाची राखणदार होती, इथं त्यांना रेंजर म्हणतात. तिला काय दिसलं असेल, त्याचा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला आहे. दोरी काचेसारखी, लांबून दिसत नव्हती. दिसत होता तो एक म्हातारा, झाडाला चिकटलेला, हलता न येणारा. आणि त्याच्याभोवती हिरव्या शालूतली, पांढऱ्या बुटातली एक बाई, हातात धुराचं ताट घेऊन, ओठ हलवत गोल फिरतेय.

"सर, आर यू ओके?" तिनं वाटेवरूनच विचारलं.

"व्हेरी ओके," हे झाडाला गाल लावूनच म्हणाले. "धिस इज माय वाइफ."

"मॅम, कॅन यू स्टॉप फॉर मी, प्लीज?"

ती मला थांबायला सांगते आहे एवढं कळलं. पण फेरा अर्धा कसा सोडायचा? मी मान खाली घालून चालतच राहिले. त्या मुलीचा हात कमरेच्या बोलायच्या यंत्राकडे गेला.

"शी इज शाय," हे म्हणाले. "शी इज प्रेइंग. शी वॉन्ट्स मी फॉर सेव्हन लाइव्ह्ज."

"सेव्हन?"

"सेव्हन. सेम हजबंड."

मुलीनं यंत्रावरचा हात काढला. मग म्हणाली, "वॉव. आय कुडंट डू टू."

हे इतके हसले की दोरी ताणली गेली. मी सातवा फेरा पुरा केला आणि हात जोडले. झालं, असं वाटलं. सात जन्म मिळाले.

पण झालं नव्हतं. मुलीचं लक्ष आता दोरीकडे गेलं होतं. ती जे बोलली ते ह्यांनी मला मराठीत सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच ह्यांचा आवाज जरा बसला. "म्हणतेय, मासे धरायची दोरी झाडाला ठेवता येत नाही. पाखरं अडकून मरतात. सोडावी लागेल."

"सोडायची?"

"हो."

"म्हणजे उलटं फिरून?"

मुलीनं खिशातून एक छोटा चाकू काढून दाखवला, म्हणाली, कापून देऊ का? मी असं काही "नाही" म्हटलं की झाडावरची पाखरं उडाली. तिला मराठी येत नव्हतं, पण तिनं चाकू लगेच खिशात घातला.

उपाशी पोट, उन्हाची तिरीप, आणि डोळ्यांसमोर एवढंच की मी आत्ता मागितलेलं सगळं आता माझ्यासमोर उलगडायचं. पाखरंही मरायला नको होती. आणि हेही मरायला नको होते.

"तू तिकडं तोंड कर," हे म्हणाले. "तळं बघ. मी सोडतो."

मी तळं बघत उभी राहिले. मागे हे खाली बसून, दोऱ्यांतून सुटून बाहेर आले आणि मग झाडाला घासत, झुडपांतून, उलटे फेरे घालत दोरी रिळावर गुंडाळू लागले. (कापली असती तर एवढं झालं नसतं. पण नवी दोरी होती.) तळ्यात दोन बदकं होती. मी त्यांच्याकडे इतकं एकटक बघितलं की ती दुसरीकडे गेली.

हे घामाघूम होऊन वाटेवर आले तेव्हा त्या मुलीनं त्यांच्या शर्टाकडे बघितलं, मग झाडाकडे, आणि मग एक पाऊल मागे सरकली.

"सर," ती म्हणाली, "यू नो दॅट्स पॉयझन आयव्ही, राइट?"

"नो, नो. पॉयझन आयव्ही इज थ्री लीव्ह्ज. आय टीच एव्हरीबडी."

तिनं नुसतं बोट वर केलं. आम्ही दोघांनी वर बघितलं. ह्यांच्या पारंब्या उंच जिथं गेल्या होत्या तिथं त्यांना पानं फुटली होती. तीन-तीन.

वेल जुनी झाली की तिला असा जाड केसाळ दोर होतो, आणि त्या केसांत पानांइतकंच विष असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. ती म्हणाली, ताबडतोब साबणानं अंग धुवा. हे म्हणाले, "आय अॅम व्हिलेज मॅन," आणि तळ्यावर हात धुऊन त्याच हातांनी खिचडी खायला बसले.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. हे विजयी मुद्रेनं डेकवर चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी हाक मारली, "अगं, उजाडलं का?"

उजाडून दोन तास झाले होते. ह्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. गाल, मान, हात, पोट, जिथं जिथं झाडाला मिठी मारली होती तिथं लाल चट्टे आणि फोड. अंगावर पारंब्यांचा नकाशा उठला होता. माझे हात लाल झाले होते आणि कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी, रुपयाएवढा लालभडक गोल.

मनीषा गाडी घेऊन धावत आली. बापाला बघून आधी रडली, आणि मग कारण कळल्यावर इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "बाबा, यू हग्ड इट?"

"चारी बाजूंनी," मी म्हटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, गालावर, दंडाच्या आतून आणि पोटावर एकदम कसं झालं? ह्यांनी डोळे मिटल्या मिटल्या त्यांना वटपौर्णिमा समजावून सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ही वेल आंब्याच्या कुळातली आहे.

"ऐकलंस का?" हे मला म्हणाले. "आपली नातेवाईकच निघाली."

पण छातीचं दुखणं नुकतंच होऊन गेलेलं, अंगावर एवढी सूज, म्हणून बाईंनी ह्यांना एक दिवस ठेवून घेतलं. छातीला पुन्हा त्या वायरी लावल्या. पुन्हा ते टीं टीं करणारं यंत्र. मनीषा औषधाचं बघायला गेली आणि मी एकटी त्या पडद्यावरची हिरवी रेघ बघत बसले. मला सगळं दिसत होतं. मी आयुष्य मागितलं, आणि ते माझ्या पाठीमागे उलटं फिरून सोडलं गेलं. त्याला तीन दिवसही झाले नव्हते.

"कशाला रडतेस?" हे म्हणाले. डोळे बंद असून ह्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. मी तर आवाजही केला नव्हता.

"फेरे सुटले."

"कुठले?"

"तुम्ही सोडलेत ना सगळे."

"हात्तिच्या." हे थोडा वेळ खाजवायचं थांबले. "मी सोडली ती दोरी. फेरे तू चालून घातलेस. चाललेलं कुणाला सोडता येतं का? तू इथवर चालत आलीस, मी उलटा चालत गेलो तर तू काय परत मागे जातेस?"

मी विचार केला. त्यात काहीतरी चूक असणार असं वाटलं, पण मला ती सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही.

"आणि पाठ खाजव जरा," हे म्हणाले. "डावीकडे. अजून वर. हां, तिथं. याच्यासाठी सात जन्म चालतील."

दुसऱ्या दिवशी घरी आलो. हे पुढे पुष्कळ वर्षं जगले. वहिनींकडचं कुंडीतलं झाड त्याच हिवाळ्यात गेलं, हे मुद्दाम नमूद करते. त्यानंतर दर वटपौर्णिमेला आम्ही दोघं रानात जायचो, पायवाटेवरच उभं राहायचो आणि मी वडाला लांबून नमस्कार करायची. (हे त्याला शेवटपर्यंत वडच म्हणत. "एकदा नाव ठेवलं की बदलायचं नसतं.") मग बाकावर बसून हे खिचडी खायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारायचे, "यू नो पॉयझन आयव्ही? ओल्ड वन हॅज हेअर." ती रेंजर मुलगी भेटली की लांबूनच सात बोटं दाखवायची. हे आठ दाखवायचे.

मागच्या शिशिरात हे गेले. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. ज्या माणसानं घरात कधी जीव रमवला नाही, त्यानं जाण्यासाठी डेकचं दारही उघडत नाही असा महिना निवडावा, हे मला अजून पटत नाही. शेवटचे काही दिवस पलंग खिडकीशी सरकवला होता. "आत या" म्हणायची माझी इतक्या वर्षांची सवय. आता हे आतच होते, आणि मला वाटायचं, उठा हो, जा बाहेर, चहा गार करा.

आता सकाळचा चहा मी डेकवर पिते. तो आवडत नाही. पिते.

कुंकू लावायचं मी सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. मनीषा तर म्हणाली, "आई, लाव ना, हू केअर्स?" पण आरशासमोर हात उचलला की कुणी बघत असेल असं वाटायचं, आणि घरात तर कुणीच नव्हतं. यंदा जूनमध्ये देशमुख वहिनींचा फोन आला. जरा अडखळत म्हणाल्या, "तुम्ही पूजेनंतर या हं, जेवायला. नक्की या." त्यांचा हेतू चांगला होता. मी "हो" म्हटलं आणि गेले नाही. मनीषाला म्हटलं, मला झाड बघायचंय.

"ओके, पण लांबून," ती म्हणाली. "आई, प्रॉमिस मी. डोन्ट टच एनीथिंग."

मी ह्यांचे गुडघ्यापर्यंतचे चिखलाचे बूट घातले, ते मला दोन मापं मोठे होतात. ह्यांचा पावसाळी कोट आणि भांडी घासायचे पिवळे हातमोजे. मनीषा फोनवर बोलत गाडीपाशीच थांबली. वड तिथंच होता, पारंब्या आणखी जाड झालेल्या. माझ्याकडे दोरी नव्हती. ताट नव्हतं. पूजा नव्हतीच ती, मला पूजेचा हक्क कुठला आता. मी नुसती चालले. दोन हात अंतर ठेवून, झुडपांतून, बूट फटक फटक वाजवत, सात वेळा. दोरी असली तर सुटते. चाललेलं सुटत नाही. ह्यांनीच सांगितलं होतं.

सातवा पुरा झाला आणि मी उभी राहिले. सगळं अगदी सांभाळून केलं होतं. हात मोज्यांत, पाय बुटात, अंग कोटात. आणि मग सवयीनं वाकून कपाळ टेकवलं.

जरा जास्तच वेळ टेकवलं.

तिसऱ्या दिवशी मनीषा मला बघून कपाळाला हात लावून बसली. "आई, हाऊ? सगळं झाकलं होतंस ना?" सगळं झाकलं होतं. नेमकी तेवढीच जागा उघडी होती, आणि तिथं रुपयाएवढा लालभडक गोल उठला होता.

त्याच दिवशी वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या. दारातच थांबल्या, माझ्या कपाळाकडे बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. "बरं केलंत हो," त्या म्हणाल्या. "मीच तुम्हाला म्हणणार होते."

"पुरळ आहे," मी म्हटलं.

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या आणि माझा हात थोपटला.

मनीषानं औषधाच्या दुकानातून मलम आणून दिलंय. तिनं बजावून सांगितलं, दिवसातून दोनदा लावायचं, जिथं जिथं आहे तिथं, नाहीतर आठवडे जाणार नाही, सगळं ट्यूबवर लिहिलंय. मोजा काढताना लागलेला मनगटावर एक ठिपका आहे, त्याला मी नेमानं लावते. कपाळाला लावायचं राहून जातं. मनीषा चिडते. मी तिला म्हणते, बाई, तुझी आई चौथी शिकलेली, ट्यूबवरचं इंग्रजी तिला वाचता येत नाही. माझ्या कमी शिक्षणाचा एवढा उपयोग मला जन्मात पहिल्यांदाच होतो आहे. खाज मात्र फार सुटते.